सहाणेचं वजन

साठी उलटलेल्या माणसांना गंधद्वारातून जावं लागत नसे. त्यांच्यासाठी बाजूला एक साधं लोखंडी फाटक होतं आणि पांढरे केस दिसले की तिथला शिपाई काही न विचारता सोडून देई. रत्नप्रभाबाई भंगाळे त्या फाटकातून गेल्या असत्या, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण बाईंना फाटक नको होतं. यावलहून विजेच्या एसटीनं त्या पुण्यात उतरल्या होत्या त्या लेकीच्या बाळंतपणासाठी, आणि बसतळावरचं हे गंधद्वार लेकीनंच बनवलेलं होतं. लेकीनं केलेल्या दारातून आई नाही जाणार तर कोण जाणार? शिपायानं दोनदा फाटकाकडे हात केला. बाईंनी त्याला दोनदा सांगितलं की हे आमच्या केतकीचं काम आहे, आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेतल्या पुढच्यामागच्या चौघांनाही त्यांनी ही माहिती पुरवली.

पलीकडे केतकी वाट बघत होती. तिला नववा लागला होता. आईला आपल्या दारात उभी पाहून तिला हसू आलं, आणि तेवढ्यात दार वाजलं.

हे दार म्हणजे खरं तर एक नाक होतं. माणूस आत उभा राहिला की कोमट हवेचा झोत येई, अंगावरचे आणि सामानावरचे धुळीचे कण उडून एका जाळीवर बसत, जाळी क्षणभर तापे आणि त्या कणांची वाफ होई. वाफ जाई एका चिपवर. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारी प्रथिनं असतात, तशीच प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून त्या चिपवर बसवलेली होती. ठरावीक रेणू भेटला की प्रथिनाचा आकार बदले, त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह वाही आणि दार वाजे. कुत्रं दमतं, त्याला सर्दी होते, मांजर दिसलं की त्याचं लक्ष उडतं. दाराला यातलं काहीच होत नसे. अफू, गांजा आणि त्यांची सगळी भावंडं ओळखणारी प्रथिनं केतकीनं तयार केली होती, तीही इतकी हळवी की गावजेवणाच्या आमटीत पडलेला हिंगाचा एक खडा कुठल्या पानात वाढला गेला तेही कळावं.

दार फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगे. 'किती' हे सांगायला पोलिसांच्या खोलीत तराजू होता. कायदा पहिल्यापासून असा की अंमली पदार्थ ज्यात मिसळलाय त्या सगळ्याचं वजन धरायचं. नाहीतर विकणारे पिठात पाव चमचा माल मिसळून 'आमच्याकडे पाव चमचाच होता' म्हणत सुटले असते. नवीन भर एवढीच पडली होती की तराजू संगणकाला जोडला होता, आणि कलम आता माणसाऐवजी संगणक लावायचा.

रत्नप्रभाबाईंच्या पिशवीत दोन दुपटी, मेथीचे लाडू आणि दुपट्यांच्या घडीत लपवलेली एक सहाण निघाली. काळ्या दगडाची, मधे खोलगट झालेली, चांगली जाडजूड. उपनिरीक्षक वाघचौरे नावाच्या तरुण पोरानं ती तराजूवर ठेवली. काटा अडीच किलोच्या थोडा वर गेला, आणि अफूच्या बाबतीत अडीच किलोपासून पुढे 'व्यापारी प्रमाण' सुरू होतं. संगणकानं पडद्यावर लिहिलं: अफूचं मिश्रण, व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षं आणि जास्तीत जास्त वीस वर्षं सक्तमजुरी, शिवाय लाखाच्या घरातला दंड.

वाघचौरेनं पडदा पुसून पुन्हा पाहिला. मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं की, काकू, याच्यावर काय उगाळता तुम्ही?

इथं बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी आपल्या घरच्या वस्तूबद्दल आपुलकीनं विचारल्यावर गप्प बसणं हे भंगाळ्यांच्या घरात अजून कुणाला जमलेलं नव्हतं. त्यांनी त्या पोराला खुर्चीवर बसवलं, एक लाडू दिला आणि सहाणेची सगळी कुळकथा सांगितली. ही आजेसासूबाई भागीरथीची. हिच्यावर वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ उगाळून घरातल्या प्रत्येक बाळाला गुटी दिलेली. भागीरथीच्या काळात बाया दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जात, पोराला झाडाच्या झोळीत टाकून. पोर रडलं तर मालक खेकसायचा. म्हणून गुटीत अफूचाही कण असायचा. तेव्हा मिळायची ती. आमच्या घरची पोरं अशी झोपायची म्हणता, बाई अभिमानानं म्हणाल्या, की अख्खा गाव नाव काढायचा.

वाघचौरेनं लाडू तसाच हातात धरला होता. भिंतीवरचा कॅमेरा हे सगळं टिपत होता.

*

बाईंची रवानगी महिला कारागृहात झाली. त्यांच्या मते तिथं पाणी बरं होतं आणि वरण अगदीच पाणचट. आठवड्याभरात त्यांनी एका पहारेकरणीच्या सुनेचे डोहाळे ऐकून मुलगा की मुलगी ते सांगून टाकलं, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला वरणाला फोडणी कधी द्यायची तेही दाखवलं. बाहेर केतकीचे दिवस भरत आले होते. आपण लेकीजवळ नाही, हे मात्र बाईंना जेवताना आठवे आणि हातातला घास त्या परत ताटात ठेवत.

त्यांना विधी सेवेकडून वकील मिळाला तो सलीम तडवी. तडवी मूळचा यावलचाच निघाला, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं केळीचा भाव आणि गावातल्या जत्रेत गेली. मग त्यानं कागद काढले आणि त्याचा चेहरा लांबला. असल्या खटल्यात बचाव कसा करतात ते त्यानं समजावून सांगितलं. झडती नीट झाली नाही म्हणावं, तर अंगाची झडती राजपत्रित अधिकाऱ्यापुढे घ्यायचा जो हक्क आहे तो पिशवीला लागू नाही. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले, सीलबंद, तिथंही खोट नाही. राहता राहिली एक वाट. नुसती वस्तू जवळ असून गुन्हा होत नाही, ती काय आहे हे ठाऊक असावं लागतं. कायदा आधी धरूनच चालतो की ठाऊक होतं. नव्हतं हे दाखवायचं काम आरोपीचं. आणि तुमच्या बाबतीत ते सोपं आहे, तडवी म्हणाला. शंभर वर्षांपूर्वी कुणी काय उगाळलं हे नातसुनेला माहीत असायचं कारणच काय?

"पण मला माहीत होतं ना," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

तडवीनं सांगितलं की पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा धरत नाहीत, तेव्हा त्या लाडूवाल्या गप्पा विसरून जा. न्यायाधीशांपुढे फक्त 'मला कल्पना नव्हती' एवढं म्हणा, मावशी.

बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "तडवीभाऊ, त्या वाघचौरेला मी सगळं खरं सांगितलंय. आता नाही म्हटलं तर तो पोरगा खोटा पडेल. बिचारा तसाच केवढा घाबरला होता."

तडवीनं कपाळाला हात लावला. त्याच्या वकिलीत त्याला खोटं बोलणारे आरोपी पुष्कळ भेटले होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला येत होतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

केतकी भेटीला आली तेव्हा मधे काच होती. ती आली ती रागानंच. गेल्या सहा महिन्यांत तिनं आईला हजारदा सांगितलं होतं की गुटी-बिटी काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने फक्त आईचं दूध. "मी नको म्हटलं होतं ना?" ती काचेपलीकडून म्हणाली.

"तू नको म्हटलंस म्हणून तर लपवून आणली," आई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि दोघींनाही एकदम रडू फुटलं. मग आईनं विचारलं की पाय सुजतात का. केतकीनं विचारलं की इथं झोप लागते का. भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांनी सहाणेचा विषय काढला नाही.

*

व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळणं म्हणजे उंबराचं फूल. न्यायालयाला दोन गोष्टींची खात्री पटावी लागते. एक, आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे. दोन, जामिनावर सुटल्यावर ती असा गुन्हा पुन्हा करणार नाही.

न्यायाधीश होत्या देवस्थळी बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कमी. त्यांनी समोरच्या टेबलावर सील करून ठेवलेल्या सहाणेकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी सरळ आरोपीलाच विचारलं, "आज तुम्हाला सोडलं, तर अशी वस्तू घेऊन पुन्हा जाल का?"

तडवीनं मागून खोकून पाहिलं. त्यानं आदल्या दिवशी बाईंकडून 'नाही' हा शब्द घोटून घेतला होता.

"जाईन की, बाईसाहेब," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "लेकीचं बाळंतपण आहे. तुम्ही मला परत दिली तर सरळ तिच्याकडेच नेईन. खोटं कशाला सांगू?"

कोर्टात कुणीतरी हसलं. सरकारी वकिलांना तर एवढं आयतं कधी मिळालंच नव्हतं. देवस्थळी बाईंनी चष्मा काढून पुसला आणि तारीख दिली. जाताना दोन आदेश दिले. सहाणेवर अफू नक्की किती आहे ते सरकारी प्रयोगशाळेनं तपासून सांगावं. आणि गंधद्वाराच्या खटल्यात, यंत्राच्या दाखल्यावर ज्याची सही असेल त्याला जामिनाच्या टप्प्यावरच ऐकायचं असा नवा नियम होता, तर त्या व्यक्तीला बोलवावं. सरकारी वकिलांनी दाखला उलटून सही वाचली आणि त्यांचं हसू मावळलं. सही केतकी भंगाळे हिची होती.

केतकीच्या संस्थेत त्या दिवसांत गडबड होती. राज्यातल्या सगळ्या विमानतळांवर गंधद्वारं बसवायचं काम मिळायच्या बेतात होतं. संचालकांनी तिला खोलीत बोलावून, खुर्ची देऊन, फार प्रेमानं सांगितलं की न्यायालयात एवढंच सांगायचं, दार बरोबर वाजलं. त्याच्यापुढे आपण कशाला जायचं? केतकीनं मान हलवली. पण घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली की मला भीती वाटते. दार खोटं ठरवलं तर माझं काम गेलं, आणि खरं ठरवलं तर आई गेली.

नवरा म्हणाला की मग जे आहे ते सांग. नवऱ्याचं असलं बोलणं ऐकायला बरं असतं आणि पाळायला कठीण.

*

त्या तारखेला केतकीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खुर्ची दिली होती. सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, दार बरोबर वाजलं का? ती म्हणाली, बरोबर. सहाणेवर अफू होती. सरकारी वकील बसले.

तडवी उठला. प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या हातात होता, पण त्यानं तो वाचला नाही. त्यानं केतकीलाच विचारलं की अफू किती होती.

केतकी म्हणाली, दगडाच्या बारीक छिद्रांत अडकलेली होती. प्रयोगशाळेनं द्रावकं वापरून सहाण धुतली तेव्हा जे निघालं, ते एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले थोडे भाग. त्या तराजूला ते दिसणारही नाही. मग ती थोडी थांबली. "दार खोटं बोललं नाही," ती म्हणाली. "पण त्याला 'किती' हा प्रश्न मी शिकवलाच नाही. शिकवता आला असता. त्यानं प्रत्येक माणसाला जास्त वेळ लागला असता, रांगा वाढल्या असत्या, म्हणून आम्ही तो गाळला. ती चूक दाराची नाही, आमची आहे."

मागच्या बाकावर बसलेल्या संचालकांनी डोळे मिटून घेतले.

तडवीला एवढंच हवं होतं. त्यानं सांगितलं की पिठात अफू मिसळली तर पीठ अफूबरोबर विकलं जातं, खाल्लं जातं, म्हणून पिठाचं वजन धरणं रास्त आहे. दगड कोण खातो? जे धुतल्यावर सुटून येतं आणि मागे वस्तू जशीच्या तशी राहते, ते मिसळलेलं नसतं, लागलेलं असतं. हळदीच्या हातानं दार उघडलं म्हणून कुणी दाराचं वजन करून हळद विकत नाही. देवस्थळी बाईंनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं.

सरकारी वकील हुशार होते. पहिली अट निसटतेय हे त्यांनी ओळखलं आणि दुसरीवर आले. त्यांनी केतकीला विचारलं, तुम्ही वैज्ञानिक आहात, तर सांगा, अशी अफू बाळाला दिल्यानं काय होतं?

केतकीनं आईकडे पाहिलं. हे उत्तर तिला आईसमोर द्यायचं नव्हतं, पण शपथ घेऊन झाली होती. "बाळ झोपतं," ती म्हणाली. "भूक लागली तरी, दुखत असलं तरी झोपतं. मेंदूत श्वासावर लक्ष ठेवणारा एक भाग असतो, अफू त्याला मंद करते. मोठ्या माणसाचं यकृत तिचं विघटन करतं, बाळाचं तितकं तयार नसतं. डोळ्यांनी दिसणार नाही एवढा कण जास्त झाला, की श्वास हळू होत जातो. बाळ रडत नाही, तडफडत नाही. झोपेतच राहतं."

रत्नप्रभाबाई आतापर्यंत लेकीचं बोलणं कौतुकानं ऐकत होत्या, निम्मं कळत नसलं तरी. आता त्यांचा चेहरा बदलला. त्यांना सासूबाईंचं एक बोलणं आठवलं, एकदाच, वाल सोलता सोलता सांगितलेलं. सासऱ्यांच्या आधी भागीरथीला दोन मुलं झाली होती. फार गुणी, कध्धी रडली नाहीत. दोघंही एकेक करून झोळीतच गेली, झोपेत. घरात म्हणत, देवाला आवडली. बाईंनीही ते तसंच ऐकलं होतं आणि तसंच ठेवून दिलं होतं. ज्या झोपेची बढाई त्या आयुष्यभर मारत आल्या, ती ही झोप. कापूस वेचून परत आलेली भागीरथी त्यांना दिसली. झोळीत वाकून बघणारी, आणि आपल्याच हातानं उगाळलेल्या गुटीनं हे झालं हे माहीत नसलेली. की माहीत होतं? कुणाला विचारणार?

देवस्थळी बाई विचारत होत्या. दुसऱ्यांदा विचारावं लागलं, कारण आरोपीचं लक्ष नव्हतं. पुन्हा अशी वस्तू घेऊन जाल का?

"नाही, बाईसाहेब," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

सरकारी वकील लगेच उठले. गेल्या तारखेला या हो म्हणाल्या होत्या. वकिलानं पढवल्यावर आज नाही म्हणतात. यांच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?

"तेव्हा नेणारच होते, म्हणून हो म्हटलं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आता नेणार नाही, म्हणून नाही म्हणते. माझ्या लेकीनं आत्ता सांगितलं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात दोन पोरं गेली हो तशी."

केतकी खुर्चीतून अर्धवट उठली आणि पोट सांभाळत पुन्हा बसली. तिला हे माहीत नव्हतं.

देवस्थळी बाईंनी तिथंच आदेश सांगायला घेतला. दगड हा दगड आहे, अफूचं मिश्रण नाही. आणि दुसऱ्या अटीबद्दल म्हणायचं, तर सुटका समोर दिसत असताना जी बाई 'हो' म्हणाली, तिच्या 'नाही'वर शंका घ्यायला मला कारण दिसत नाही. जामीन मंजूर. बाहेर पडताना कॉरिडॉरमधे वाघचौरे उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि रत्नप्रभाबाईंनी त्याला जेवायला या म्हणून पत्ता दिला, तोही केतकीचा, तिला न विचारता.

पुढे महिन्याभरात आरोपही रद्द झाला. विमानतळांचं काम लांबलं. संचालक केतकीशी काही दिवस तुटक वागले, मग तेच तिच्या टेबलापाशी येऊन विचारू लागले की हे 'किती' दाराला शिकवायचं तर साधारण कसं करता येईल.

*

नातीचा आवाज खणखणीत होता. सकाळची आंघोळ झाली की तिला सूर लागायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत तो टिकायचा. कानडे नावाच्या खालच्या मजल्यावरच्या बाई एक दिवस वर आल्या आणि अगदी समजुतीनं म्हणाल्या की आजी आहात ना घरात, काहीतरी चाटवा हो, आमच्या वेळी आम्ही चाटवायचो.

"रडू द्या," रत्नप्रभाबाई हसत म्हणाल्या. "चांगलं रडते. रडून दमली की आपली आपण झोपेल." आणि कानडेबाईंना त्यांनी चहा केला, कारण गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला उभ्यानं घालवणं त्यांना आवडत नसे. चहा संपेपर्यंत नात रडतच होती. बाई तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरल्या. बाल्कनीतून कावळे दाखवले, पंखा दाखवला, आरशातली दुसरी नात दाखवली. केतकी सोफ्यावर पडून हे बघत होती. तिचे डोळे मिटत होते.

शेवटी बाळ दमलं. बाईंनी तिला गादीवर ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून केतकीनं हाक मारली की आई, तुझं ताट वाढलंय, वरण निवेल, झोपलीय ना ती?

"झोपली," बाई म्हणाल्या. त्यांनी हात बाळाच्या छातीवर अगदी अलगद ठेवला होता. छाती वर आली, खाली गेली. "येते हं. एवढा एक श्वास बघते."

छाती पुन्हा वर आली. वरण निवून गेलं, केतकीनं ते पुन्हा तापवलं, आणि बाई अजून तिथंच बसून होत्या.